वन्संची चौकट

४ फेब्रुवारी, बुधवार

किळस आली. दुसरा शब्द नाही.

सकाळी देवासमोरून उठते तोच मोबाइल वाजला. 'आपल्या घराण्यात सामील व्हा' — निमंत्रण! बावीस वर्षं ह्या घराण्याची भांडी घासली, आता सामील व्हा म्हणे. दाबलं. भावोजींनी — यांच्या थोरल्या भावाने — इंटरनेटवर वंशवृक्ष काढलाय. जन्मभर कचेरीत जमिनींचे नकाशे काढले, आता निवृत्त झाल्यावर माणसांचा. प्रत्येकाला एक चौकट. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मगाव, बाईचं माहेरचं नाव, शिक्षण, काम, सध्याचं ठिकाण, फोन, फोटो. सगळं भरलं की चौकट हिरवी. काही राहिलं की लाल. गेलेल्यांच्या करड्या.

माझी चौकट हिरवी! मला न विचारता. शिक्षण — मॅट्रिक. शेजारी जाऊबाईंच्या चौकटीत 'पदवीधर', आणि ते अक्षर जरा ठळक आहे असं मला वाटलं. असो. फोटो लग्नातला, शिंक येण्याच्या बेतातला. ह्यापेक्षा बरा एकही सापडला नाही?

मग खाली पाहिलं. माझ्या चौकटीतून एक रेघ निघते, रेघेच्या टोकाला करडी चौकट. 'अपत्य. जन्मतःच मृत.' तारखेसकट. ती तारीख आम्ही दोघं एकमेकांसमोरही उच्चारत नाही. आता ती यांच्या आतेभावाच्या सुनेला माहीत आहे. आणि तिने त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकलंय!

यांना दाखवलं. त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "दादाला हौस आहे. वेळ जात नाही त्याचा." डबा उचलला आणि कामावर गेले.

वेळ जात नाही म्हणून दुसऱ्याच्या कपाटात हात घालायचा?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बँकेत गेले होते. खात्री करायला म्हणून काउंटरवरच्या बाईंनी आईचं माहेरचं नाव विचारलं. मला हसूच फुटलं. गुपित कसलं बाई, आमच्या भावोजींनी ते दोरीवर वाळत घातलंय.

८ फेब्रुवारी, रविवार

भावोजींकडे जेवायला. सासूबाई त्यांच्याकडेच असतात. जेवणं झाली तसे सगळे संगणकाभोवती. भावोजी हातात पट्टी घेऊन पडद्यावर दाखवतात — हे पणजोबा, ही त्यांची दुसरी बायको. "पहिलीचं काय झालं?" यांनी विचारलं. "गेली कधी, तीच माहिती मिळत नाही. लाल आहे," भावोजी म्हणाले. चेहरा असा, जणू घरात चोरी झाली.

मग धाकट्या वन्संची चौकट आली. यांची बहीण. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या घरातून निघाल्या — उजवं मनगट प्लास्टरमध्ये, डाव्या कडेवर भिंगरी. (लेकीला आम्ही भिंगरीच म्हणतो, एका जागी ठरत नाही.) मनगट कसं मोडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. पुढे कोर्टाने मोकळं केलं. आता दूरच्या एका गावात दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये काम करतात. कुठे, ते आमच्या दोन घरांपलीकडे कोणाला माहीत नाही. त्याला तर नाहीच. तो अजून विचारत फिरतो. भिंगरीला उचलून नेईन, मग आई मागून रांगत येईल, असं चारचौघांत बोललाय.

आणि वृक्षात वन्संच्या चौकटीला तो तसाच चिकटलेला! हिरवागार!

मी म्हटलं, "भावोजी, हा कशाला इथे?"

"मग काय लिहू? घटस्फोट? माझ्या वंशवृक्षात तो शब्द येणार नाही."

सासूबाई खुर्चीतून, "कोर्टाने सांगितलं म्हणून जावयाचा शेजारी होतो होय गं?"

"बरं, राहू दे तो. पण वन्संचं ठिकाण तेवढं भरू नका."

"मग चौकट लाल राहते."

"राहू दे."

"अहो, सबंध पानावर जिवंत माणसांत एकच लाल! डोळ्यांत खुपते."

"खुपू दे. मनगट मोडण्यापेक्षा बरं!"

तोंडातून निघून गेलं. जाऊबाई टेबल पुसायला लागल्या — पुसलेलंच होतं.

शेवटी भावोजी म्हणाले, "ठीक आहे. ठेवतो लाल. पण एवढं घाबरायचं काय? कुलूप आहे त्याला. फक्त घरच्यांनाच दिसतं."

परतताना मी यांना म्हटलं, तुमची बहीण, तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तर म्हणाले, "तू काढलास की."

१० फेब्रुवारी, मंगळवार

वन्संना फोन केला. त्यांना ह्या वंशवृक्षाचा पत्ताच नव्हता. मागे यंत्राची घरघर, मधूनच भिंगरीचा आवाज — शाळा सुटली की ती लॅबमध्येच बसते, प्लास्टरच्या दातांना घासून पॉलिश करते म्हणे. सांगितलं सगळं. मग हसल्या. "राहू द्या हो वहिनी माझी चौकट लाल. लाल रंग मला पहिल्यापासून शोभतो."

बरं वाटलं ऐकून. पण ठेवताना म्हणाल्या, "दादाचा शब्द घेतलात ना? त्याचं नाही हो मला काही. आईचं भय वाटतं."

काय दिवस आलेत, लेकीला आईचं भय!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकट हिरवी.

भाजी निवडता निवडता सहज उघडून पाहिलं. गावाचं नाव. गल्ली. लॅबचं नाव. भिंगरीचा शाळेच्या फाटकातला फोटो, गणवेशात — छातीवरचा बिल्ला बोटांनी मोठा करून पाहिला, शाळेचं नाव स्वच्छ वाचता येतं. कोणी काय भरलं तेही खाली येतं. 'मोठी सून.' जाऊबाई!

तशीच रिक्षा करून गेले. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता बसले.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, किती गोड आलाय फोटो! त्यांनीच तर मला पाठवला होता."

"तुम्हाला पाठवला होता. भिंतीला नाही."

भावोजी मधे पडले. "लाल दिसते म्हणून चार जणांचे फोन आले. मुलगी कुठे आहे, बरी आहे ना, काही झालं का तिचं. काय उत्तर देणार? लोक नाही नाही ते बोलायला लागले. भरून टाकलं, विषय संपला. आणि सांगितलं ना, घरच्यांनाच दिसतं."

"घरचे म्हणजे कोण कोण?"

"वृक्षात जे आहेत ते सगळे. ज्याची चौकट हिरवी त्याच्या फोनवर निमंत्रण आपोआप जातं."

मी खालीच बसले. त्याची चौकट हिरवी आहे.

"त्याचा नंबर कोणी भरला?"

भावोजींनी चष्मा काढला. पुसला. "मीच भरला. लाल दिसत होती."

हसावं की त्यांची पट्टी मोडावी! कचेरीत असताना नकाशावर एक कोपरा कोरा राहिला तर साहेबाकडे न्यायचे नाहीत, ही गोष्ट जाऊबाई नेहमी कौतुकाने सांगतात. घ्या कौतुक! बहिणीचं मनगट मोडणाऱ्याचा कोपरासुद्धा कोरा ठेवला नाही.

जाऊबाईंनीच संगणकावर उघडलं. भिंगरीच्या फोटोखाली कोणी कोणी पाहिलं त्याची यादी असते. तो होता. नुसता पाहून गेला नाही — फोटोखाली बदामाचं चित्र ठेवून गेला होता. लाल बदाम.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "बघा! बापाचं काळीज आहे शेवटी."

मोरीत जाऊन चूळ भरून आले. भावोजी तोवर सगळं पुसत होते. पण पुसून काय उपयोग? त्याने डोळे मिटून थोडंच पाहिलं?

१४ फेब्रुवारी, शनिवार

वन्संना कालच कळवलं होतं. आज सकाळी त्या भिंगरीला घरी ठेवून शाळेत गेल्या. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, अहो, तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता — सोमवारी मुलीला न्यायला येतो, आजी आजारी आहे. "किती सभ्य बोलतात हो!" असंही म्हणाल्या. वर्ग कुठला, तुकडी कुठली, सुटण्याची वेळ — सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. का नाही सांगणार? मुलीचं नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, सगळं त्याने बरोबर सांगितलं.

चौकीवर गेल्या. तिथे विचारलं, "अजून काही घडलेलं तर नाही ना, बाई?"

म्हणजे घडल्यावर या!

वन्संचा आवाज अगदी सपाट होता. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "वहिनी, उद्या याल का? दोन हात कमी पडताहेत."

१५ फेब्रुवारी, रविवार

पहाटेची बस. हे येतो म्हणाले नाहीत, पण स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आले. बसच्या खिडकीतून नोटा दिल्या, "तिला दे, माझ्या म्हणून सांगू नको." मी सांगितलं. का नाही सांगायचं?

वन्संची खोली लॅबच्या वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक खिडकी, कट्ट्यावर गॅस, आणि जिकडे तिकडे पांढरी भुकटी — कामाची, कपड्यांतून वर येते. इतकी नीटनेटकी खोली की मोडायला हात धजेना. भांडी मी बांधली. त्यांनी कपडे. भिंगरी पलंगावर उभी राहून विचारते, "मामी, आम्ही कुठे चाललो?" मी म्हटलं, "सहलीला." "मग शाळेचं दप्तर कशाला?" वन्सं म्हणाल्या, "सहलीतही अभ्यास असतो." "मग ती सहल नाहीच," असं म्हणून भिंगरी उतरली आणि आपली पुस्तकं स्वतःच भरायला लागली.

लॅबचे मालक वर आले. म्हातारे, स्वतःच्या तोंडात स्वतःच केलेली कवळी. पगार पुरा दिला, वर शिफारसपत्र. म्हणाले, "बाईंच्या हातचे दात लावून माणसं दाणे फोडतात हो. माझं नुकसान आहे." मग दाराशी थबकून, "कोणी विचारत आलं तर? ह्या वयात मला काही ऐकूच येत नाही, बरं का." एवढंच बोलून जिना उतरले. परका माणूस! आणि आमच्या घरात एकालाही हे सुचलं नाही.

निघताना वन्संनी मला खिडकीशी नेलं. कानात गावाचं नाव सांगितलं, आणि तिथल्या एका लॅबचं. "फक्त तुम्हाला, वहिनी." कोणाला सांगणार नाही, असं दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. फोनचं कार्ड काढून मोडलं.

गावाचं नाव इथेही लिहीत नाही.

येताना बसमध्ये वाटलं — चला, घराण्यात निदान मी तरी एक विश्वासाची निघाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल तो शाळेच्या फाटकाशी गेला होता. मालकांनी कळवलं. लॅबमध्येही आला. मालकांना काही ऐकू आलं नाही.

आज सासूबाई स्वतः आल्या, रिक्षाने, गुडघे धरत. "माझी पोर कुठे आहे?"

"मला नाही माहीत."

"देवाकडे बघून सांग."

सांगितलं. देवाकडे बघून, डोळ्याला डोळा भिडवून — मला नाही माहीत. इतकी वर्षं पोथी वाचते, जीभ जरा अडखळेल असं वाटलं होतं. नाही अडखळली. माफीही मागितली नाही.

सासूबाई जाताना म्हणाल्या, "तू फोडलंस घर." चहा मात्र पूर्ण पिऊन गेल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भावोजींनी वंशवृक्ष बंद केला. यांच्याकडे निरोप — तिच्यामुळे दोन वर्षांची मेहनत गेली. आता माझ्याशी बोलणार नाहीत म्हणे. बरं झालं, रविवार सुटला.

यांनी विचारलं, "बंद केल्यावर सगळं पुसलं जातं?" भावोजींचं उत्तर — आपल्याकडचं पुसलं जातं. ज्यांनी आपल्या फोनमध्ये उतरवून घेतलं त्यांचं त्यांच्याकडे.

म्हणजे ते बाळ त्या आतेभावाच्या सुनेकडे राहिलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हे जेवत नाहीत धड. कामावरून येतात, खिडकीत बसतात. आज ताट तसंच सारलं. म्हणाले, "कुठे आहे ते विचारत नाही. बरी आहे ना, एवढं सांग. लहानपणी मी तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचो."

बावीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही. साधा दुसऱ्यांदा चहासुद्धा नाही.

सांगितलं. गाव आणि लॅब. यांना सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं — तोंडातून शब्द बाहेर यायला मुहूर्त लागतो. दोन घास जास्त जेवले. झोपलेही शांत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जाऊबाईंचा फोन. आवाजात लोणी. "बरं झालं गं वन्संचं कळलं. सासूबाई किती दिवसांनी पोटभर जेवल्या."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तुझ्या ह्यांनी आमच्या ह्यांना सांगितलं. भाऊ भाऊ आहेत ते. सासूबाईंचं रडणं बघवेना, म्हणून यांनी त्यांना सांगितलं."

"आणि सासूबाईंनी?"

त्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं सांगायला लागल्या.

"जाऊबाई, सासूबाईंनी कोणाला सांगितलं?"

"अगं, त्याचा फोन आला होता. सारखा येतोय आठवडाभर. रडत होता म्हणे, पाया पडतो म्हणाला, एकदा लेकीचं तोंड बघू द्या. आईच त्या. विरघळल्या... काल संध्याकाळी."

आज सकाळची गाडी धरली असणार त्याने.

वन्संचा नवा नंबर माझ्याकडे नाही. लॅबचा नंबर शोधला. दिवसभर फिरवला. वाजतो, कोणी उचलत नाही. तिथल्या चौकीचा लागला. त्यांनी पूर्ण पत्ता मागितला — माझ्याकडे गाव आणि लॅबचं नाव, बस्स. "बघतो," म्हणाले.

संध्याकाळी हे आले. मी दारातच विचारलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती. म्हणाले, "दादाने शब्द दिला होता. कोणाला सांगणार नाही म्हणाला."

"तुम्हीही दिला होता."

"मी... नव्हता दिला. तू घेतलाच नाहीस."

खरं आहे. वन्संनी माझ्याकडून दोनदा घेतला, मी यांच्याकडून एकदाही नाही. काय गरज? आपलं माणूस!

आज मला कोणाची किळस येत नाही. सासूबाईंची नाही, जाऊबाईंची नाही, भावोजींची नाही. सगळी शिल्लक माझ्या एकटीवर जमा आहे. मी कुठल्या तोंडाने त्यांना नावं ठेवत होते? त्यांनी चौकट भरली, मी कान भरला. हात धुतले, तोंड धुतलं, जात नाही. देवासमोर बसायला गेले, उंबऱ्यावरून मागे फिरले.

फोन लागत नाही. लागत नाही. लागत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लागला. एका माणसाने उचलला. अशी बाई आमच्याकडे आलीच नाही, म्हणाला. कवळ्यांचं कामच आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलं, आता नुसतं गोदाम आहे. मग वैतागून, "काय चाललंय हो? सकाळी एक जण दारावर लाथा मारून हेच विचारून गेला."

वन्संनी मलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.